उत्कर्षग्रंथाचे कापलेले समास

१

पानं जागच्या जागी होती, पण त्यांचे समास नव्हते.

सिद्धीने कपाशीचं प्रकरण उघडलं आणि तिचे हात तसेच थांबले. मजकुराला लागून, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक पानाची बाहेरची कड कोणीतरी धारदार पात्याने कापून नेली होती. तिने घाईघाईने पुढे चाळलं. रेल्वेचं प्रकरण तसंच, मतदानाच्या हक्काचं प्रकरणही तसंच, शेवटच्या पानापर्यंत तसंच. कापलेल्या पट्ट्यांपैकी एकही पेटीत नव्हती, कपाटात नव्हती, कचऱ्याच्या डब्यातही नव्हती.

तिच्या शेजारी कलावती भालेराव उभी होती. पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनं हुंगण्यात तिची उमर गेली, आणि निवृत्तीनंतर ती न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला मुलाकडे, अनुपकडे, राहायला आली होती. शहराबाहेरच्या जुन्या लोणी-कारखान्यात एक छोटं उद्योग-संग्रहालय होतं, तिथे ती फुकट राबायची. सिद्धी तिथली क्युरेटर. आज दुपारी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, पण कलावती सकाळीच येऊन बसली होती. गर्दी व्हायच्या आत तिला ते समास बघायचे होते. त्या अक्षरासाठी तिने तीस वर्षं दातओठ खाल्ले होते, आणि आता बघते तर अक्षरच गायब.

ग्रंथ अमेरिकी. यादवी युद्धानंतर न्यू यॉर्कला छापलेला, आपल्या राष्ट्राचा उद्योग, व्यापार आणि राज्यकारभार कसा दिवसेंदिवस उत्कर्ष पावतो आहे याची शेकडो पानं आरती ओवाळणारा. गिरण्यांची, आगगाड्यांची, चीज-कारखान्यांची सुरेख चित्रं. असे ग्रंथ तेव्हा पोत्याने छापले जात. ही प्रत मात्र एकुलती एक होती, कारण तिच्या समासांत एकोणिसाव्या शतकातल्या एका मराठी वाचकाने पानापानावर टिपा लिहिल्या होत्या. मालक होते देवव्रत करंदीकर. त्या टिपांवर इंग्रजी पुस्तक लिहून ते प्राध्यापक झाले, आणि हॅमिल्टनच्या मराठी मंडळींचे 'सर' झाले.

सर आले. त्यांनी ग्रंथ पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग संग्रहालयाची प्रमुख अरोहा हिच्यासमोर त्यांनी सिद्धीकडे बोट केलं. काल संध्याकाळी सगळ्यांदेखत ग्रंथ तिच्या हाती दिला, तिजोरीची किल्ली तिच्याचकडे, तेव्हा आणखी कोणाला काय विचारायचं, असं ते अगदी हळू, सुतकी आवाजात म्हणाले.

सिद्धी रडली नाही. ती फक्त ग्रंथाचं पहिलं पान उलटसुलट करत राहिली. त्या पानावर कालच्या पूजेचे दोन लाल ठिपके होते. कलावतीने ते पाहिले आणि तिला काहीतरी खटकलं. काय खटकलं ते मात्र काही केल्या सापडेना.

२

काल दसरा होता. दुपारी कलावतीने हॉलवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना केली, खीर वाटली, आणि संध्याकाळी अनुपच्या आग्रहाने सरांच्या घरी गेली. परदेशात मराठी माणसं मोजकी, तेव्हा एकमेकांच्या सणाला जायचं असतं. ती पूजा करत नाही. भिंतीला टेकून बघत बसते, आणि तिच्या धंद्यात बघण्याचेच पैसे मिळत.

चौरंगावर नेहमीचं प्रदर्शन होतं. मुलांची पुस्तकं, अनुपचा टॅब्लेट, कोणाचं तरी ड्रिल मशीन. आणि मधोमध तो उत्कर्षग्रंथ. हे नवल होतं. "ग्रंथ वाचायचे असतात, पुजायचे नसतात," हे सरांचं दरवर्षीचं भाषण. त्यांची बायको विभावरी दरवर्षी तो ग्रंथ मागायची आणि दरवर्षी त्यांच्याकडून झापून घ्यायची. यंदा त्यांनी आपणहून आणून ठेवला. वरचं कव्हर चामड्याचं, ते देवापुढे नको म्हणून विभावरीने पहिलं पान उघडून त्यावर ओली हळद आणि कुंकू लावलं.

शिवाय शेजारी एक जाडजूड पोथी, लाल बासनात बांधलेली. विभावरी कौतुकाने सगळ्यांना सांगत होती की ह्यांना या वयात का होईना उपरती झाली, स्वतः पोथी आणली, सोवळ्यात ठेवतात, मलासुद्धा हात लावू देत नाहीत. सरांनी ग्रंथाला एका हाताने नमस्कार केला, बसची घंटा ओढावी तसा. पोथीपुढे मात्र दोन्ही हात जोडून वाकले.

मग त्यांनी ग्रंथ तसाच चौरंगावरून उचलून पेटीत ठेवला आणि सिद्धीच्या हाती दिला. तिने पेटी उघडून पानं तपासायला घेतली, तसे ते हसले.

"अगं, पूजेतलं पुस्तक आज वाचत नाहीत. आईने शिकवलं नाही का? आज त्याला विश्रांती. उद्या उघड."

सगळे हसले. सिद्धीने लाजून पेटी मिटली. शिक्षण, हुद्दा, हातमोजे सगळं असून ती त्या एका वाक्याने सातवीतली मुलगी झाली. दसऱ्याला पाटी-पुस्तक बाजूला ठेवलेली कुठलीही मराठी मुलगी तेच करती.

कलावतीला हसू आलं नाही. त्या ग्रंथाकडे बघताना तिला तिचे आजोबा, आबा, दिसत होते. टिपा लिहिणारा 'अज्ञात वाचक' तिच्या लेखी अज्ञात नव्हता. तो तिचा पणजोबा, हवालदार राजाराम साळवे. पलटणीच्या शाळेत इंग्रजी शिकला, पेन्शनीत नगरला राहिला, आणि एका अमेरिकी मिशनऱ्याने जाताना त्याला हा ग्रंथ भेट दिला. कलावती लहानपणी आबांच्या मांडीवर बसून त्या टिपा ऐकायची. मग तीस वर्षांपूर्वी एक तरुण संशोधक पुण्याहून आला, आबांच्या पाया पडला, ग्रंथ बघायला घेऊन गेला आणि पुस्तकात छापलं की प्रत पुण्यात रद्दीवाल्याकडे मिळाली. पहिलं कोरं पान, ज्यावर राजारामचं नाव होतं, ते तेवढं त्याने फाडून टाकलं. आबा मरेपर्यंत म्हणत राहिले, शिकलेला मुलगा आहे, आणून देईल.

तो संशोधक इथे, तिच्याच गावात, सर म्हणून मिरवतो आहे, हे कळलं तेव्हा तिने भांड्यांवर भांडी आपटली होती. अनुपने हात जोडले. सरांनीच त्याला इथे पहिली नोकरी मिळवून दिली होती. पुरावा काय, आई, असं त्याने विचारलं, आणि पुरावा नव्हता. म्हणून ती गप्प बसली होती. पण गप्प बसणं म्हणजे माफ करणं नव्हे.

३

सिद्धी दुसऱ्या दिवशी कलावतीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. अरोहाने तिला चौकशी होईतो घरी राहायला सांगितलं होतं. नोकरी गेली की व्हिसाही जाणार. सरांनी अजून पोलिसांत तक्रार केली नव्हती. शुक्रवारी घरी सगळ्यांना बोलावतो, सिद्धीने तिथे कबूल करावं आणि पट्ट्या परत द्याव्यात, म्हणजे आपल्या लोकांची बदनामी टळेल, असा त्यांनी निरोप पाठवला होता.

कलावतीने तिच्यापुढे पोहे ठेवले आणि सरळ विचारलं, सर तुझ्यावर एवढा डूख का धरून आहेत?

सिद्धी त्यांची विद्यार्थिनी. मागच्या वर्षी वेलिंग्टनच्या परिषदेत सरांनी पडद्यावर आपलं नेहमीचं छायाचित्र दाखवलं. समासातली टीप: 'धन्य हे राष्ट्र'. या तीन शब्दांवर त्यांचा सगळा सिद्धांत उभा होता, की पारतंत्र्यातला मराठी वाचक अमेरिकेच्या उत्कर्षाने भारावून गेला होता. सिद्धीने भर सभेत उभं राहून विचारलं, सर, फोटोत मोजपट्टी ठेवलीये तिच्याखाली अजून शब्द आहेत. वाक्य पुढे काय म्हणतं? सरांनी घाईने पुढचं चित्र लावलं. लोक हसले. तेव्हापासून ते तिच्याशी गोड बोलायला लागले, आणि ग्रंथ प्रदर्शनाला देतो असंही आपणहून म्हणाले.

"म्हणजे काल काचेखाली सगळ्यांनी ते वाक्य वाचलं असतं," कलावती म्हणाली.

"हो ना. म्हणून तर मी कशाला कापीन, काकू? मला तर ते सगळ्यांना दाखवायचं होतं."

कलावतीला ते वाक्य पाठ होतं. आबा ते वाचून खो खो हसायचे. पण ती बोलली नाही. नुसतं पाठ असणं हा पुरावा होत नाही.

तिने दुसरीकडून सुरुवात केली. ज्याला टिपा चोरायच्या आहेत तो अख्खा ग्रंथ पळवील. ज्याला त्या नष्ट करायच्या आहेत तो जाळील. समास तेवढे कापून बाकी ग्रंथ नीट ठेवण्याची तसदी कोण घेईल आणि कशाला? सिद्धीने पोहे चिवडले आणि मग खाली बघत म्हणाली की आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

"सरांनी अरोहाला मेल केलीये. म्हणतात, मी एकटी नाही. तुम्ही नगरच्या साळव्यांच्या, ग्रंथावर तुमचा जुना डोळा होता, आणि तुम्हीच माझ्याकडून हे करवलं."

कलावतीच्या हातातला झारा थांबला. म्हणजे त्या माणसाला ठाऊक होतं ती कोण आहे ते. इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पिताना ठाऊक होतं.

४

रागाने डोकं तापलं की कलावती आणखी हळू बोलते. सोमवारी ती सुयशकडे गेली. सुयश मंडळाचा सेक्रेटरी, दसऱ्याच्या रात्री सिद्धीला पेटीसकट संग्रहालयात पोहोचवणारा. तो सुरुवातीपासून चुळबुळ करत होता. थोडं टोकरल्यावर त्याने ओकलं, की वाटेत डेअरीवर दूध घ्यायला तो थांबला होता, सिद्धीही पाय मोकळे करायला उतरली होती, आणि पेटी गाडीत तशीच, कुलूप न लावता. सरांना सांगू नका, ते मला मंडळातून काढतील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दूध घेण्याइतक्या वेळात शेकडो पानांचे समास कोणी कापत नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने त्याला तसं सांगितलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

मग विभावरी. तिच्याकडे कारण मुबलक होतं. सरांचा संसार त्या ग्रंथाशी, आपण नुसत्या घर सांभाळायला, असं ती चारचौघांत म्हणायची. कलावती गेली तेव्हा ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

ती मनमोकळी बोलली. ग्रंथ कायम सरांच्या खोलीत, कुलपात. कोणाला बघू देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत. मागच्या महिन्यात अमेरिकेहून पार्सल आलं होतं जाडजूड, मी म्हटलं आणखी पुस्तकं, तर म्हणाले पोथी आहे. मग मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आता रोज सकाळी देवघरात बसतात. पण मी आत गेले की पोथी मिटतात.

"अमेरिकेहून पोथी?" कलावतीने विचारलं.

"तिकडेही आपली माणसं आहेतच की. छापत असतील."

विभावरीचा चेहरा इतका निर्मळ होता की कलावतीला तिची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. निघताना विभावरीने तिचा हात धरला. त्या सिद्धीने कबूल करून टाकावं, हे तिला फार बोलणार नाहीत, तुम्ही समजवा, असं ती म्हणाली. कलावती हात सोडवून गाडीत बसली. अमेरिकेहून आलेल्या पार्सलात काय होतं याचा तिला अंदाज आला होता. पण अंदाजाने माणूस पकडता येत नाही, आणि हा माणूस तिला नुसता पकडायचा नव्हता.

५

उत्तर कलावतीच्या नातीच्या, रियाच्या, शाळेच्या शर्टाने दिलं. बुधवारी तिने डब्यातली बटाट्याची भाजी अंगावर सांडली होती. शर्ट साबणात भिजवला आणि ती किंचाळत आली.

"आजी, इट्स गॉन रेड! इज दॅट ब्लड?"

"रक्त नाही गं. हळद आहे. साबण लागला की हळद लाल होते."

हे वाक्य कलावतीने हजारदा उच्चारलं असेल. या वेळी मात्र ते बोलून ती तिथेच थांबली. आंबटपणात हळद पिवळीच राहते, पण क्षार लागला की लाल होते. हळदीला चुना लावून तर कुंकू करतात. तिने हात पुसले आणि फोन काढला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विभावरीने दसऱ्याच्या संध्याकाळीच पूजेचा फोटो टाकला होता. सगळ्यांनी त्याला अंगठे दाखवले होते, कोणी नीट बघितला नव्हता.

तिने फोटो मोठा केला. ड्रिलवर एक पिवळा ठिपका, एक लाल. टॅब्लेटवर एक पिवळा, एक लाल. मुलांच्या पुस्तकांवरही तसंच. उत्कर्षग्रंथाच्या पानावर मात्र दोन्ही लाल.

तिने लगेच सिद्धीला बोलावलं. आधी तिच्याकडून वदवून घ्यायचं होतं.

"त्या काळचा अमेरिकी कागद कसा असतो?"

"ॲसिडिक. म्हणून तर पिवळा पडून तुकडे होतात."

"त्यावर ओली हळद लावली तर ती लाल होईल?"

"नाही. पण काही जुन्या लायब्रऱ्यांनी असे ग्रंथ अल्कली फवारून ट्रीट केलेत, टिकावेत म्हणून. नंतर नको असलेल्या प्रती विकून टाकतात. ऑनलाइन हीप्स मिळतात, ढिगाने." बोलता बोलता सिद्धी खुर्चीवर बसली. "काकू, सरांच्या प्रतीला कधीच कसली ट्रीटमेंट झालेली नाही. त्यांनी मला हातसुद्धा लावू दिला नव्हता."

अरोहाच्या परवानगीने दोघींनी तो कापलेला ग्रंथ पुन्हा पाहिला. कण्याच्या तळाशी चामड्याचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा उजळ होता. तिथे कधीकाळी ग्रंथालयाची चिठ्ठी चिकटवलेली असणार. शेवटच्या कव्हराच्या आत जुन्या डिंकाचा डाग होता. अरोहाने दोन्ही गोष्टी बघितल्या, फोटो बघितला. मग तिने सिद्धीची माफी मागितली.

म्हणजे गोष्ट अशी होती. ही प्रतच दुसरी. हिच्या समासांत कधी काही लिहिलेलंच नव्हतं. काहीतरी चोरलं गेलं हे दाखवायला नव्हे, तर काही नव्हतंच हे झाकायला समास कापले गेले. आणि हीच प्रत पूजेत होती, म्हणजे अदलाबदल सिद्धीच्या हाती पेटी पडण्याआधी, सरांच्या घरातच झाली. विभावरीने केली असती तर तिने त्यावर आपल्या हाताने हळद लावून तो फोटो जगाला वाटला नसता. आणि जो माणूस दरवर्षी ग्रंथाला पूजेपासून वाचवतो, त्याने यंदाच तो पूजेत बसवला, कारण पूजेतला ग्रंथ सिद्धी त्या रात्री उघडणार नव्हती.

अनुपला हे सांगितलं तेव्हा तो पोलिसांना फोन लावायला उठला. कलावतीने फोन काढून घेतला. पोलीस दारात आले की तो माणूस आधी खरा ग्रंथ जाळील. आजवर जाळला नाही, कारण त्याच ग्रंथाच्या जिवावर तो सर झाला. पण अंगाशी आलं की कोणी कशाची पर्वा करत नाही.

"आई, तुला ग्रंथ हवाय की त्याला रडवायचंय?"

"दोन्ही."

"हा सूड झाला."

"हो. सूडच आहे. तू शुक्रवारी मला गाडीने सोड, बाकी काही करू नकोस."

६

शुक्रवारी सरांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अरोहाही आली, सगळ्यांना माओरी भाषेत 'किया ओरा' असा नमस्कार करून कोपऱ्यात बसली. सिद्धी तिच्या शेजारी. सर मधल्या खुर्चीत, गळ्याशी शाल. ते छान बोलले. तरुण पिढी, मोह, क्षमा. पट्ट्या परत द्या, मी सगळं विसरायला तयार आहे.

ते थांबले तशी कलावती उठली. तिने अंबाड्याची पिन घट्ट केली आणि अगदी नम्रपणे म्हणाली की कबुलीजबाब व्हायच्या आधी एक विनंती आहे. एवढा अशुभ प्रकार या घरात झाला. विभावरीवहिनींच्या देवघरात पोथी आहे, तिच्यातलं एखादं पान सर्वांसमोर वाचावं, म्हणजे मनं शांत होतील.

सगळ्यांनी चमकून तिच्याकडे बघितलं. ही बाई आणि पोथी? पण विभावरीचा चेहरा फुलला. ती उठलीसुद्धा.

"नको," सर म्हणाले. "ती सोवळ्यातली आहे."

"मग तुम्हीच आणा," कलावती म्हणाली. "तुम्ही तर रोज वाचता."

"आत्ता नाही."

"का?"

सरांनी शाल सारखी केली. वेळ योग्य नाही, लोक चपला काढून नीट बसलेले नाहीत, असं काहीबाही ते सांगू लागले. जन्मभर पोथ्यांची टिंगल करणारा माणूस सोवळ्याची कारणं सांगताना दिवाणखान्यात कुजबुज सुरू झाली. आणि विभावरी, जिला आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याबरोबर देवापुढे बसायला मिळालं होतं, ती तोपर्यंत देवघरात पोहोचली होती. सर उठले. अनुप त्यांच्या वाटेत उभा राहिला. त्याला काही करू नकोस असं सांगितलं होतं, पण तो उभा राहिला.

विभावरीने बासन मांडीवर घेतलं, डोळे मिटून नमस्कार केला आणि गाठ सोडली. आत चामड्याचं कव्हर होतं. तिने हात असा मागे घेतला की जणू चटका बसला.

मग कलावतीने सगळं सांगितलं. लाल हळद, व्हॉट्सॲपवरचा फोटो, कण्यावरचा चौकोन, अमेरिकेहून आलेलं पार्सल, दसऱ्याची विश्रांती. नगर, आबा, फाडलेलं पान. अनुप अरोहासाठी इंग्रजीत सांगत होता. सर दोनदा 'नॉनसेन्स' म्हणाले, पण ग्रंथ त्यांच्या बायकोच्या मांडीवर उघडा पडला होता आणि त्याचे समास शाईने भरलेले होते.

शेवटी ते विभावरीकडे वळले.

"तू का हात लावलास त्याला?"

विभावरीने ग्रंथ उचलला, कलावतीच्या हातात दिला आणि नवऱ्यापासून दूर, सिद्धीच्या शेजारी जाऊन बसली.

कलावतीला वाटलं होतं की ग्रंथ हाती आला की रडू येईल. तिला रडू आलं नाही. आतून एक गरम, गोड समाधान वर येत होतं आणि तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही. अरोहा फोन हातात घेऊन उभी होती. पोलिसांना बोलावू का, असं तिने विचारलं. कलावती म्हणाली, बोलवा, त्यांना यायला वेळ लागेल, तेवढा मला पुरे.

तिने कपाशीचं प्रकरण उघडलं आणि ग्रंथ सरांच्या मांडीवर ठेवला.

"वाचा."

"कलावतीबाई, झालं ते झालं. घरातल्या घरात—"

"तुम्ही तीस वर्षं हे एकट्याने वाचलंत. आता मोठ्याने वाचा. अर्धं नाही, पुरतं."

सरांनी चारी बाजूंना बघितलं. ज्यांना नोकऱ्या लावून दिल्या, ज्यांच्या बारशांना आशीर्वाद दिले, त्यांतला एकही जण नजर वळवत नव्हता. सुयशने फोन वर धरला होता. सरांनी चष्मा सावरला.

"'धन्य हे राष्ट्र,'" ते वाचू लागले, आणि अडखळले.

"पुढे."

"'धन्य हे राष्ट्र, असं लिहिणाऱ्याला दोन वेळा पोटभर मिळत असलं पाहिजे. गाठी मोजल्या, जहाजं मोजली. कापूस वेचणारे हात मोजायचे राहिले, की मोजायचेच नव्हते?'"

सिद्धीने तोंडावर हात धरला. कलावतीने पान उलटलं. रेल्वेचं चित्र, धुराचा लोट, खाली ग्रंथकाराचं लांबलचक वाक्य की वाफेपुढे सर्व मनुष्यजात समान आहे. समासात राजारामची बारीक, सरळ, पलटणी अक्षरं.

"'साहेब म्हणतो गाडीत सगळे सारखे. त्याने आमच्या स्टेशनावर उतरून पाणी मागून बघावं. मागताना माझी जात सांगावी.'"

विभावरी रडत होती. सरांनीही आवाज ओला करून बघितला, पण कलावतीचा चेहरा बघून तो आवरला. त्यांनी आणखी एक टीप वाचली, आणखी एक. मतदानाच्या प्रकरणापाशी ते पोहोचले. तिथे मुक्त झालेल्या गुलामांची रांग पेटीत मत टाकताना काढली होती आणि समासात फक्त एवढंच होतं: 'हे खरं असेल तर आमच्या पोरांना वाचायला शिकवलं पाहिजे.' ते वाचून सरांनी ग्रंथ मिटायला घेतला.

"पाणी," ते म्हणाले.

कलावतीने स्वतः उठून पाणी आणून दिलं. सर ते घोट घोट, जमेल तितकं सावकाश प्यायले. बाहेर रस्त्यावर एक गाडी थांबल्याचा आवाज आला, दार आपटलं. कोणीतरी उठून घराचं दार उघडायला गेलं. तिने रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"अजून पानं आहेत," ती म्हणाली. "वाचा."